दरडोई लिटर आणि भिंतीवरचं कॅलेंडर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझी पहिली प्रश्नावली घेऊन एका लहान गावात गेले. गाव मराठवाड्यातलं, नगरपंचायत असलेलं. नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. प्रश्नावलीतला सातवा प्रश्न असा होता: ‘आपल्या घरी दरडोई दररोज सरासरी किती लिटर पाणी मिळते?’

समोर ओसरीवर गहू निवडत बसलेल्या मावशींनी प्रश्न दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “लिटरचं काय घेऊन बसलीस पोरी? कधी येतं ते विचार ना.”

‘कधी’ला माझ्या प्रश्नावलीत चौकटच नव्हती. मी म्हणाले, “मावशी, अंदाजे सांगा.” त्या म्हणाल्या, “अंदाजेच लिहायचंय तर मला कामून विचारती? लिही तुझ्या मनानं.” आणि मी खरंच माझ्या मनाने ४० लिहिलं.

उठताना भिंतीकडे लक्ष गेलं. कॅलेंडरवर दुधाचे खाडे होते, सिलिंडर लावल्याची तारीख होती, आणि काही तारखांभोवती निळ्या पेनाने गोल केले होते. विचारलं तर मावशी म्हणाल्या, “पाणी आलेले दिवस.” मागची पानं उलटली तर सहा महिन्यांची नोंद होती. म्हणजे मला हवा होता त्याहून चांगला डेटा माझ्यापासून चार हातांवर टांगलेला होता आणि मी तिथे बसून एक खोटा आकडा तयार करत होते.

ते ४० माझ्या एक्सेल फाइलमध्ये अजून आहेत. पिवळा रंग देऊन ठेवलेत. आजचा लेख त्या चाळिसाबद्दल, आणि माझा सातवा प्रश्न जिथून आला त्या पुस्तिकेबद्दल आहे. तुमच्यापैकी जे नागरी सेवा, पाणी, स्वच्छता, स्थानिक स्वराज्य असे विषय घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना ही पुस्तिका कधी ना कधी भेटणारच आहे. तिच्याशी भांडायचं कसं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

पुस्तिका काय आहे?

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ‘सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क’ म्हणजे सेवास्तर मानकांची पुस्तिका काढली. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी तिच्यात एकूण २८ निर्देशक आहेत. पाण्याचे ९, सांडपाण्याचे ९, कचऱ्याचे ८ आणि निचऱ्याचे २. प्रत्येकासमोर एक लक्ष्य: घरोघरी नळजोडणी १०० टक्के, दरडोई १३५ लिटर, पुरवठा २४ तास, सगळ्या नळांना मीटर, हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत, तक्रारनिवारण ८० टक्के, वगैरे. पुढे तेराव्या वित्त आयोगाने काही अनुदान मिळवण्यासाठी ही मानकं जाहीर करणं अट म्हणून घातली आणि पुस्तिकेला एकदम वजन आलं. महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या नगरपालिकांची अशी माहिती दरवर्षी गोळा करण्याचं मोठं काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २००९ पासून हाती घेतलं. आपण संशोधक ज्या तक्त्यांवर रिग्रेशन चालवतो, ते बरेचसे याच घराण्यातले.

आधी चांगलं बोलते. या पुस्तिकेच्या आधी कोणत्या गावाची सेवा बरी आणि कोणत्या गावाची वाईट हे सांगायला समान मापच नव्हतं. ‘आमच्याकडे पाणी भरपूर आहे’ असं नगराध्यक्ष म्हणणार, ‘आमच्याकडे टिपूस नाही’ असं विरोधी पक्ष म्हणणार, आणि दोघंही आपापल्या जागी खरे. पुस्तिकेने व्याख्या दिल्या, सूत्रं दिली. आणखी एक फार प्रामाणिक गोष्ट केली: प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यायला सांगितली. प्रत्यक्ष मोजून काढला असेल तर ‘ए’, आणि खाली जात जात नुसता अंदाज असेल तर ‘डी’. म्हणजे पुस्तिका लिहिणाऱ्यांना माझे ते ४० चांगलेच ठाऊक होते.

पण आकडा गावातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला आणि तिथून दिल्लीला जाताना ते ‘डी’ हे अक्षर वाटेत गळतं. आकडा तेवढा पोचतो.

गणित करून बघू

दरडोई पुरवठा कसा काढतात? पाणी वितरण व्यवस्थेत, म्हणजे टाकीतून पुढच्या पाइपात, जेवढं सोडलं त्याला लोकसंख्येने भागायचं. मोजमाप टाकीपाशी होतं, नळापाशी होत नाही. वाटेत जोडणीतून गळून गटारात गेलेलं पाणीही तुमच्या-माझ्या नावावर ‘दरडोई’ म्हणून जमा होतं. हा आक्षेप जुना आहे आणि पुस्तिकेतच गळतीचा वेगळा निर्देशक असल्यामुळे त्याला थोडंफार उत्तरही आहे. माझा आक्षेप पुढचा आहे.

समजा पाणी आठ दिवसांनी एकदा येतं. हे उदाहरण आहे, कुठल्या एका गावाचा आकडा नाही. पण मराठवाड्यात राहणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. घरात पाच माणसं. दरडोई १३५ लिटर हवं असेल तर दिवसाला ६७५ आणि आठ दिवसांना ५,४०० लिटर लागणार. हे सगळं पाणी येईल त्या तासा-दोन तासांत साठवायचं आहे. दोनशे लिटरचा एक ड्रम धरला तर २७ ड्रम. आता सांगा, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात २७ ड्रम ठेवायचे कुठे?

पहिल्या घराकडे चार ड्रम आहेत. साठवण ८०० लिटर. पाच माणसं, आठ दिवस, म्हणजे ४० ने भागा: दरडोई २० लिटर. शेजारच्या बंगल्याखाली पाच हजारांची टाकी, गच्चीवर एक हजाराची. सहा हजार भागिले ४०: दरडोई १५० लिटर. दोघांचा पाइप एकच, दिवस एकच, पाणीपट्टीही तीच. दोघांची सरासरी ८५. त्या गल्लीत ८५ लिटरवर कुणीच जगत नाही.

म्हणजे जिथे पाणी रोज येत नाही, तिथे ‘दरडोई लिटर’ हा निर्देशक सेवेइतकाच घरातल्या साठवणुकीवर, म्हणजे जागेवर आणि पैशावर अवलंबून असतो. पुस्तिकेच्या २८ निर्देशकांत घरच्या साठवणुकीचा एकही नाही. तो नसावा हे तिच्या दृष्टीने बरोबरच आहे, कारण तिचं लक्ष्य २४ तास पाणी हे आहे. २४ तास पाणी असेल तर साठवणूक लागतच नाही. पुस्तिका जिथे पोचायचं आहे त्या शहरासाठी लिहिली आहे. ती वापरली जाते जिथे आपण आहोत त्या गावासाठी. गफलत इथे आहे.

आता ‘किती तास पाणी’ हा निर्देशक बघा. पुस्तिका सांगते की प्रत्येक विभागात सलग सात दिवस पुरवठ्याचे तास मोजा आणि सरासरी काढा. दर आठव्या दिवशी तासभर पाणी येणाऱ्या गावात हे करून पाहा. सलग सात दिवसांच्या आठ शक्य खिडक्यांपैकी सात खिडक्यांत पाणी एकदा सापडेल. सरासरी दिवसाला साडेआठ मिनिटं. एका खिडकीत सापडणारच नाही, सरासरी शून्य. म्हणजे मोजणी सोमवारी सुरू केली की मंगळवारी, यावर उत्तर अवलंबून. आणि ‘दिवसाला साडेआठ मिनिटं’ याचा अर्थ तरी काय? रोज साडेआठ मिनिटं पाणी येणं आणि आठवड्यानंतर एकदा तासभर येणं या दोन फार वेगवेगळ्या जगण्याच्या तऱ्हा आहेत. पहिल्या गावात बादलीने भागतं. दुसऱ्यात त्या दिवशी घरातल्या एकीला मजुरीचा खाडा करावा लागतो. हा खाडा कुठल्याच रकान्यात जात नाही.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्र केलेलं. सरासरी वितरण लपवते हे पहिल्या सत्रात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. तरी प्रश्न लिहिताना हात सरासरीकडेच गेला. कारण छापील रकाना सरासरीचा होता.

तक्रारींचं काय?

तक्रारनिवारणाचा निर्देशक वरून सगळ्यांत लोकशाहीवादी वाटतो. आलेल्या तक्रारींपैकी २४ तासांत किती सोडवल्या? लक्ष्य ८० टक्के.

छेदाकडे बघा. छेदात ‘आलेल्या’ तक्रारी आहेत. आणि लहान गावात तक्रार कार्यालयात येतच नाही. नगरपंचायतीत १७ नगरसेवक असतात, त्यातला आपल्या प्रभागाचा सकाळी चहाच्या टपरीवर भेटतो. “भाऊ, कालपासून आमच्या बोळीत पाणी नाही.” नाहीतर थेट व्हॉल्व्हमनला फोन. तोही ओळखीचा, कुणाच्या तरी लग्नात शेजारच्या पंगतीला बसलेला. हे काम होतंही पटकन. पण रजिस्टरमध्ये त्याची ओळ पडत नाही. रजिस्टरमध्ये जातो तो ज्याला कुणी ओळखत नाही: नवा भाडेकरू, बदलीवर आलेली शिक्षिका, गावाच्या कडेला पाल टाकून राहिलेलं कुटुंब. यातलेही किती जण लेखी अर्ज देतात?

म्हणून एका गावात वर्षात दहा तक्रारी, त्यातल्या नऊ सोडवलेल्या: ९० टक्के, लक्ष्याच्या वर. दुसऱ्या गावात मुख्याधिकाऱ्याने चांगली फोनसेवा सुरू केली, हजार तक्रारी आल्या, ७०० सोडवल्या: ७० टक्के, नापास. तक्ता वाचणारा दुसऱ्या गावाला नोटीस पाठवणार. संख्याशास्त्राच्या भाषेत हा निवडीचा पूर्वग्रह. गावच्या भाषेत सांगायचं तर, जो बोंबलत नाही त्याचं बरं चाललंय असं समजणं.

२०२२ नंतर महाराष्ट्रात निवडणुका रखडल्या आणि अनेक स्थानिक संस्थांवर दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात टपरीवरचं दार बंद झालं. माणूस तिथेच बसायचा, पण त्याच्या हातात काही नव्हतं. तक्रारनिवारणाच्या टक्केवारीत हा बदल कसा दिसेल? माझ्या मते दिसणारच नाही, किंवा उलटा दिसेल.

आता फुलंब्रीकडे

पायलट मी फुलंब्रीत केला नव्हता, कारण ते माझं गाव. तिथे दार वाजवलं की “कुणाची गं तू?”पासून सुरुवात होते, चहा झाल्याशिवाय पहिला प्रश्न विचारता येत नाही, आणि दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत आपल्या आत्याच्या घरी पोचणार हे उत्तर देणारीला माहीत असतं. पण हा विषय मला का घ्यावासा वाटला त्याचं कारण फुलंब्रीच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की हर्सूल, सावंगी, चौका आणि मग फुलंब्री. पंचवीस-तीस किलोमीटर. तालुक्याचं ठिकाण. तहसील, पंचायत समिती, बाजार समिती, आणि शहरात शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांची सकाळची गर्दी. ना धड गाव, ना धड शहर. वडोद बाजार, आळंद, पीरबावड्याच्या माणसाला आम्ही ‘शहरवाले’ आणि विद्यापीठातल्या मैत्रिणींना मी ‘गावाकडची’.

२०१४ च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचं धोरण घेतलं. त्याच लाटेत फुलंब्रीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, वॉर्डाचा प्रभाग झाला. राज्यघटनेत नगरपंचायतीची कल्पनाच मुळी ‘ग्रामीणकडून नागरीकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रा’साठी आहे, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतली. दर्जा वाढला, निधीचे नवे मार्ग उघडले. यात वाईट काही नाही.

पण एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल मला कुठल्याही अहवालात ओळ सापडली नाही. ग्रामसभा गेली.

ग्रामपंचायत कायद्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती हे लोकांच्या अंगवळणी पडलेले दिवस. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो, आणि त्याला उभं राहून विचारता येतं. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क नगरसेवकाचा असतो, रहिवाशाचा नसतो. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. लहान गाव त्यातून बाहेर. राज्याच्या नागरी कायद्यांत पुढे क्षेत्रसभेची तरतूद आली, पण ती ग्रामसभेसारखी लोकांच्या सवयीत काही उतरली नाही. तुमच्या गावात क्षेत्रसभा कधी झाली ते घरी विचारून बघा.

ग्रामसभेचं गोडवं गायचं नाही मला. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा, घरोघरी फिरणारं सह्यांचं रजिस्टर, पुढच्या रांगेतले चार जण बोलणार आणि बाया मागे पदर सावरून उभ्या: हे सगळ्यांनी पाहिलंय. बायांना बोलता यावं म्हणून आधी वेगळी महिला ग्रामसभा घ्यायचा नियम करावा लागला, यावरूनच काय ते कळतं. तरीसुद्धा ग्रामसभेत एक गोष्ट होत असे. कुणीतरी कागदावरून वाचत असे, “टाकी वर्षातून इतक्या वेळा साफ केली.” आणि मागून कुणीतरी ओरडत असे, “कोणती टाकी?” संशोधनाच्या भाषेत याला पडताळणी म्हणतात. डेटा आणि डेटा ज्याच्याबद्दल आहे तो माणूस एका मंडपाखाली समोरासमोर येत.

माझा मुख्य मुद्दा हा आहे: तालुक्याच्या गावांना ज्या काळात ही नागरी मापं लागू झाली, त्याच काळात आकड्याला हरकत घ्यायची जागा त्यांच्याकडून गेली. मापं आली ती वरच्यांना बघण्यासाठी. भरणारा कर्मचारी, तपासणारं जिल्हा कार्यालय, क्रमवारी लावणारी दिल्ली. ज्या मावशी निळ्या पेनाने गोल करतात त्यांचा या साखळीशी संबंध येत नाही. स्वच्छ सर्वेक्षणाचंही असंच. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेलं सर्वेक्षण २०१८ पर्यंत चार हजारांहून अधिक शहरांवर गेलं, त्यात नागरिकांचा अभिप्राय घेतात हे खरं. पण फोनवर विचारलेल्या ठरावीक प्रश्नाला हो-नाही म्हणणं आणि मंडपात “कोणती टाकी?” विचारणं यात फरक आहे. पहिल्यात प्रश्न त्यांचा असतो.

माणूस तोच, लिटर वेगळे

दर्जा बदलला की माप कसं बदलतं हेही बघण्यासारखं आहे. ग्रामीण भागात जलजीवन मिशनचं लक्ष्य दरडोई ५५ लिटर. शहरांसाठी केंद्राच्या तांत्रिक नियमावलीत, १९९९ च्या, भुयारी गटार नसलेल्या नळयोजनेच्या गावाला ७० आणि भुयारी गटार असलेल्याला १३५. सेवास्तर मानकांत सरसकट १३५. म्हणजे नगरपंचायतीच्या हद्दीत शेतवस्तीवर राहणारं एक कुटुंब आणि बांधापलीकडच्या ग्रामपंचायतीतलं त्याच्याच भावकीतलं दुसरं कुटुंब. विहिरीचं पाणी तेच, गटार दोघांकडेही नाही. एकाची कागदावरची तहान ५५, दुसऱ्याची १३५. पहिल्याला ५० लिटर मिळाले तर योजना ‘जवळपास यशस्वी’, दुसऱ्याला ५० मिळाले तर ‘तीव्र तुटवडा’. दोन तक्ते शेजारी ठेवून कुणी ‘ग्रामीण भागात पाणीपुरवठा शहरांपेक्षा समाधानकारक’ असा निष्कर्ष काढला तर हसू नका. असे निष्कर्ष निघतात.

त्यात लोकसंख्या कोणती धरायची? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा फुलंब्री ग्रामपंचायत होती. पुढची जनगणना आता २०२७ ला. मधली सगळी वर्षं छेदात एकतर जुना आकडा किंवा अंदाज. समजा गाव ३० टक्क्यांनी वाढलं आणि कागदावर जुनीच लोकसंख्या राहिली, तर कागदावरचे १०० लिटर प्रत्यक्षात ७७ असतात. ही चूक वाढत्या गावात जास्त होते. म्हणजे शहराच्या वाटेवरच्या, प्लॉटिंग पडलेल्या गावात. ज्याला सेवेची गरज वाढतेय, त्याचाच आकडा सगळ्यांत फसवा.

मग आकडे सोडून द्यायचे?

माझ्या गाइडसमोर हे सगळं बोलले तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “मग तू काय, कादंबरी लिहिणार आहेस?” आक्षेप योग्य होता. आकडे सोडले तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, हे मीच वर लिहिलंय. ग्रामसभेतल्या मागच्या रांगेतल्या बाईला आकड्यानेच बळ येऊ शकतं.

आकडे गावाच्या कामी येतात याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. कराडजवळचं मलकापूर. नगरपंचायत असताना तिथे २००९ च्या सुमारास घरोघर मीटर बसवून २४ तास पाण्याची योजना सुरू झाली. जास्त वापराला चढता दर. तिथे मोजमाप टाकीपाशी थांबलं नाही, नळापर्यंत आलं, आणि ज्याचं पाणी मोजलं त्याच्या हातात बिल म्हणून पडलं. त्याला ते पटलं नाही तर भांडायला कागद होता. माप तेच, पण ते कुणाला दिसतं हे बदललं की त्याचं काम बदलतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर ‘लोकांना वेळ कळवली की झालं’ असं वाटेल. हुबळी-धारवाडमध्ये सुरू झालेल्या ‘नेक्स्टड्रॉप’ नावाच्या उपक्रमात पाणी कधी सुटणार ते मोबाइलवर कळवलं जायचं. कल्पना अगदी माझ्या मावशींच्या मनातली. पण बंगळुरूमध्ये तनू कुमार, ॲलिसन पोस्ट आणि ईशा रे या संशोधकांनी तिचा परिणाम तपासला तेव्हा घरांच्या जगण्यावर फारसा फरक दिसला नाही. एक कारण असं की माहितीची सुरुवात व्हॉल्व्हमनपासून व्हायची, आणि त्याच्याकडून ती नेहमी पुढे जात नव्हती. निबंध २०१८ चा आहे, जरूर वाचा. सेवेचं माप शेवटी ज्याच्या हातात चावी असते त्याच्या कामाच्या दिवसावर येऊन थांबतं. मुंबईच्या पाण्यावर निखिल आनंद यांचं ‘हायड्रॉलिक सिटी’ हे २०१७ चं पुस्तकही याच वाटेने जातं. संख्याशास्त्रवाल्यांनी मानववंशशास्त्र कशाला वाचावं, असं विचारणाऱ्यांना मी हे पुस्तक हातात देते.

प्रश्नावलीत काय बदललं

आता कामाचं. सातवा प्रश्न मी काढून टाकला. त्याच्या जागी चार आले.

पहिला: मागच्या दोन वेळा पाणी कोणत्या तारखांना आलं? यातून खंड मिळतो. सरासरी खंडाबरोबर सगळ्यांत मोठा खंड मी वेगळा नोंदते, कारण घरं तयारी करतात ती सगळ्यांत वाईट आठवड्यासाठी.

दुसरा: पाणी येणार हे आधी कळलं होतं का, कसं, आणि सांगितलेल्या वेळी आलं का?

तिसरा: घरात पाणी साठवायला काय काय आहे? उत्तर विचारत नाही, परवानगी घेऊन मोजते. ड्रम, हौद, टाकी, हंडेसुद्धा.

चौथा: पाणी आलं त्या दिवशी घरातल्या कुणाचं कोणतं काम राहिलं?

तक्रारीसाठी ‘तक्रार केली का?’ ऐवजी ‘पाणी आलं नाही तर पहिला फोन कुणाला?’ असं विचारते. ‘कार्यालयाला’ म्हणणारे आणि ‘भाऊला’ म्हणणारे वेगळे होतात, आणि ‘कुणाला करणार?’ म्हणणारे तिसरे. या तिसऱ्या गटासाठी मी हा प्रबंध लिहितेय असं आता वाटतं.

कचऱ्याच्या भागातही असाच बदल केला. ‘घंटागाडी येते का?’ या प्रश्नाला जवळपास सगळे हो म्हणतात आणि व्याप्ती फुगते. ‘गाडी येते तेव्हा घरी कोण असतं?’ विचारलं की सकाळीच कामाला बाहेर पडलेल्या घरांची उत्तरं वेगळी येतात.

आणि प्रत्येक आकड्यासमोर मी विश्वासार्हतेचं अक्षर लिहिते, पुस्तिकेने सांगितलं होतं तसं. तक्ता केला, आलेख काढला, सादरीकरण केलं, तरी अक्षर काढायचं नाही. गेल्या परिसंवादात माझ्या स्लाइडवर निम्मे ‘डी’ होते. एका प्राध्यापकांनी विचारलं, “इतका कच्चा डेटा दाखवायचा कशाला?” मी म्हणाले, “सर, सगळ्यांचा एवढाच कच्चा आहे, मी फक्त लिहिलंय.” बोलून गेले आणि मग जेवणापर्यंत पोटात गोळा होता.

शेवटी एक गोष्ट. डेटा परत नेऊन दाखवायचा. पायलटचे निष्कर्ष घेऊन मी त्याच ओसरीवर पुन्हा गेले, चार पानांची मराठी प्रत घेऊन. मावशींनी चष्मा लावून त्यांच्या गल्लीचा तक्ता बघितला, उठून कॅलेंडर काढून आणलं, आणि बोट ठेवून म्हणाल्या, “हे चुकलंय. या महिन्यात दोनदाच आलं होतं, तू तीनदा लिवलंय.”

तपासलं. दोनदाच होतं. दुरुस्त केलं, आणि त्या ओळीसमोरचं ‘डी’ खोडून ‘बी’ केलं.

तुमच्या घरी कॅलेंडरवर कुणी असे गोल करत असेल तर महिना संपल्यावर पान फाडून टाकू देऊ नका.